पोषणाचा धडा चुलीपाशी द्यावा
गोव्यात मातांसाठी बालपोषणाचे कार्यक्रम आखणाऱ्या अधिकारीवर्गास खुले पत्र

माननीय महोदया आणि महोदय,

सत्तरी तालुक्यातील एका वाड्यावर मी 27 वर्षे अंगणवाडी सेविका म्हणून काम केले. निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली, तरी वाड्यावरच्या सुना अजूनही लेकरू कडेवर घेऊन माझ्या दारात येतात आणि ‘भुरगें जेवना’ (मूल जेवत नाही) एवढे दोन शब्द बोलून सोप्यावर बसतात. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. परंतु मातांना पोषण कसे शिकवावे हे जिथे ठरते तिथे त्या कधी नसतात, आणि मी मात्र त्यांच्या स्वयंपाकघरांत आयुष्याचा मोठा भाग बसले आहे, म्हणून लिहिते आहे. माझे म्हणणे एकच आहे. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला कसे भरवावे हे सभागृहात ऐकून येत नाही. ते त्या घरातल्या चुलीपाशी, त्या घरातल्या भांड्यांत आणि त्या घरात मुलाला भरवणाऱ्या प्रत्येक हाताला शिकवावे लागते.

कुपोषण म्हटले की आपल्याकडे दूरच्या, दुष्काळी प्रदेशांचे चित्र डोळ्यांपुढे येते. गोव्यात जवळजवळ प्रत्येक बाळंतपण रुग्णालयात होते, शाळा गावागावांत आहेत, आणि उपाशी झोपणारे घर शोधावे लागेल अशी आपली समजूत असते. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) गोव्यातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे 26 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. त्याआधीच्या 2015-16 च्या सर्वेक्षणात हेच प्रमाण सुमारे 20 टक्के होते. 2019-21 च्याच सर्वेक्षणात उंचीच्या मानाने वजन कमी असणारी मुले 19 टक्के होती, आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे 53 टक्के मुले रक्तक्षयी होती. हे आकडे आपल्यासमोर आहेतच. ते मी इथे पुन्हा मांडते, कारण या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी दोन वेळा भात शिजतो, आठवड्यातून चार दिवस हुमण, म्हणजे मासळीची आमटी, असते, आणि दारात दुचाकी उभी असते. त्या घरात अन्न आहे. ते मुलाच्या वाटीत मात्र पोहोचत नाही.

मूल जन्मते तेव्हा साधारण 50 सेंटिमीटर लांब असते आणि वर्षाचे होईपर्यंत ते 75 च्या आसपास पोहोचते. दुसऱ्या वर्षात त्यात आणखी सुमारे 12 सेंटिमीटरची भर पडते आणि वजन अडीच किलोच्या आसपास वाढते. पुन्हा आयुष्यात इतक्या वेगाने माणूस वाढत नाही. पहिले सहा महिने आईचे दूध पुरते, आणि त्या काळात गोव्यातली मुले बहुधा चांगली वाढतात. घसरण सुरू होते ती उष्टावणानंतर. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधातून मिळणारी ऊर्जा पुरेनाशी होते, आणि जन्मतः शरीरात साठवलेले लोहही संपत आलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे आईचे दूध पिणाऱ्या मुलाला सहा ते आठ महिन्यांत वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 200 किलोकॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत 300, आणि दुसऱ्या वर्षात 550. ही चढण मूल दीड वर्षात चढते. त्याची वाटी मात्र अनेक घरांत तेवढीच राहते.

आणि नेमक्या याच वळणावर आई कामावर परतते. 2017 च्या दुरुस्तीनंतर प्रसूतीची भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली, ही मोठी गोष्ट आहे. पण ज्या आईला ती मिळते तिची रजा मूल सहा महिन्यांचे होते न होते तोच संपते, म्हणजे ज्या आठवड्यात मुलाच्या तोंडात पहिला घास जायचा त्याच आठवड्यात ती वेर्णे किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारी सकाळची बस पकडते. कंत्राटावर काम करणाऱ्या अनेक जणींना तर ही रजाही मिळत नाही. आमच्या सत्तरीत काजूचा हंगाम आला की मार्च ते मे घरातली धडधाकट माणसे पहाटेपासून बागायतीत असतात. अशा वेळी मुलाला भरवते ती आजी. आपले प्रशिक्षण मात्र ‘मातां’साठी असते, आणि आजीला त्यात कोणी बोलावत नाही.

एका घराची गोष्ट सांगते. मूल चौदा महिन्यांचे होते आणि सलग तीन महिने त्याचे वजन काट्यावर एकाच ठिकाणी अडकले होते. आई कामावर जात असे आणि सासूबाई अत्यंत मायेने नातवाचे करत. त्यांना विचारले तर त्या म्हणाल्या, ‘पाच वेळा खातो की!’ ते खरेही होते. मी दिवसभर त्या घरी बसले तेव्हा उलगडा झाला. सकाळी चहात बुडवलेले बिस्किट, दहा वाजता उकड्या तांदळाच्या पेजेची वरची निवळ, दुपारी हुमणाच्या रसात कालवलेला पातळ भात, चार वाजता पुन्हा चहा आणि पाव, रात्री पेज. पोट पाचही वेळा भरत होते. पण ते पाण्याने भरत होते. वर्षाच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटरभर मावते. त्यात निवळ ओतली की घासाला जागा उरत नाही. आईच्या 100 मिलिलिटर दुधात सुमारे 65 ते 70 किलोकॅलरी असतात. निवळीत त्याहून फार कमी. म्हणजे दूध बाजूला सारून निवळ पाजणे हे मुलाचा आहार वाढवणे नसून कमी करणे आहे.

हे मी सासूबाईंना शब्दांत सांगितले असते तर त्यांनी मान डोलावली असती आणि दुसऱ्या दिवशी निवळच काढली असती, कारण ‘भुरग्याक दाट जिरना’ (मुलाला दाट पचत नाही) हे त्यांनी त्यांच्या सासूकडून ऐकले होते आणि त्यांची चार मुले त्यावरच वाढली होती. म्हणून मी फक्त एक चमचा मागितला. निवळ चमच्यात घेऊन तो तिरका केला, ती ओघळून गेली. मग पेजेतली शिते मऊ घोटून घेतली, त्यात शिजलेली मुगाची डाळ आणि चमचाभर खोबरेल तेल घातले, आणि तोच चमचा पुन्हा तिरका केला. घास चमच्यावरच राहिला. ‘जो घास चमच्यावर थांबतो तो पोटात थांबतो,’ असे त्या स्वतःहून म्हणाल्या. हे वाक्य माझे नाही. चमचाभर तेलात 45 किलोकॅलरी असतात हे त्यांना मी कधीच सांगितले नाही आणि त्याची गरजही पडली नाही. पुढच्या महिन्यात वजन हलले. त्यानंतर वाड्यावरच्या इतर घरांत तो चमचा त्यांनीच तिरका करून दाखवला.

दाट अन्न मुलाला गिळता येत नाही, ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही. सात-आठ महिन्यांच्या मुलाला खरोखरच फार दाट खीर जड जाते, आणि मग आई त्यात पाणी घालते. यावरचा उपाय आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळली की तिच्यातील विकर पिष्टाचे विघटन करते. शिजवलेल्या दाट खिरीत असे थोडे पीठ मिसळून पुन्हा मंद आचेवर ठेवले की खीर पाणी न घालताच सैल होते, आणि त्यातले अन्न तेवढेच राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी 1980 च्या दशकात मोडाच्या पिठाच्या या गुणावर संशोधन केले. आपल्याकडे नाचण्याची तिजाण, म्हणजे पातळ खीर, सकाळच्या न्याहारीला अजूनही होते आणि त्यात गूळ व नारळाचा रस असतोच. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात त्याचा मागमूस नसतो म्हटले तरी चालेल. तिजाण ही मोठ्यांनी उन्हाळ्यात प्यायची वस्तू झाली आणि मुलासाठी बाजारातला डबा आला, हा बदल कधी झाला ते मला आठवत नाही, पण तो माझ्या डोळ्यांदेखत झाला.

मासळीविषयी मला अधिक लिहावेसे वाटते, कारण गोव्यातल्या मुलाचे भाग्य आणि दुर्दैव दोन्ही तिथेच आहे. तारले आणि बांगडा हे स्वस्त मासे आहेत. त्यांतली प्रथिने उत्तम असतात, मेंदूच्या वाढीला लागणारी स्निग्धाम्ले त्यांत भरपूर असतात, आणि मासळीतले लोह भाजीतल्या लोहापेक्षा शरीर अधिक सहजपणे घेते. अशी मासळी ज्या घरात रोज शिजते त्या घरातल्या मुलाला दीड वर्षापर्यंत फक्त तिचा रस मिळतो. कारण विचारले तर काटा. काट्याची भीती योग्यच आहे आणि ती कोणीही हसण्यावारी नेऊ नये. पण बांगड्याचा पाठीकडचा जाड तुकडा उकडून, काटे बोटांनी चाचपून काढून, भातात कुस्करून कसा द्यावा हे एकदा करून दाखवायला दहा मिनिटे पुरतात. तिखट घालण्याआधी मुलाचा तुकडा बाजूला काढला की वेगळा स्वयंपाकही करावा लागत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, पुढे श्रावणात अनेक घरांत मासळी वर्ज्य असते, आणि काही घरे तर बारमाही शाकाहारी आहेत. त्या काळात आणि त्या घरांत अळसांदे (चवळीसारखे कडधान्य), मूग, दही, आणि ज्यांना चालते त्यांना अंडे, हे पर्याय आईच्या हाताशी हवेत. डाळीतले आणि तांबड्या भाजीतले लोह अंगी लागावे म्हणून वर लिंबू पिळायचे, एवढी एकच पुस्ती त्याला जोडावी.

व्हिएतनाममधील थान होआ प्रांतात 1991 च्या सुमारास जे घडले ते प्रत्येक गोमंतकीयाने ऐकावे असे मला वाटते. जेरी आणि मोनिक स्टर्निन या जोडप्याने तिथल्या गरीब गावांत कुपोषित मुले न शोधता, तितक्याच गरीब घरांतली धडधाकट मुले शोधली आणि त्यांच्या आया वेगळे काय करतात ते पाहिले. त्या आया भातखाचरांतली बारीक कोळंबी आणि खेकडे वेचून मुलाच्या भातात घालत होत्या, रताळ्याचा पाला घालत होत्या, आणि मुलाला दिवसातून अधिक वेळा थोडे थोडे भरवत होत्या. इतर घरांत हेच पदार्थ मुलांना चालत नाहीत असे मानले जात असे. मग तिथे व्याख्याने झाली नाहीत. शेजारणी रोज एकत्र जमल्या, प्रत्येकीने येताना मूठभर कोळंबी आणि पाला आणायचा, तिथेच शिजवायचे आणि तिथेच मुलांना भरवायचे, असे सलग दोन आठवडे चालले. भातखाचर, कोळंबी, खेकडे, पाला: मी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला आपली खाजने, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतेच, दिसली. आपल्याकडे सुंगटे (कोळंबी) आहेत, कुर्ल्या (खेकडे) आहेत, पावसाळ्यासाठी साठवलेला गालमो, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, आहे. गालमो खारट असतो, म्हणून मुलासाठी तो नीट भिजवून, दोन पाण्यांत धुऊन घ्यावा लागेल. पण मूठभर गालमो कुठल्या घरात नसतो?

चहाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर वाद नाही. चहातील टॅनिन लोह शोषू देत नाही आणि साखर भूक मारते. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक गाईचे दूध पाजणेही मुलाला रक्तक्षयाकडे नेते; ‘काही खात नाही म्हणून दूध देते’ असे म्हणणाऱ्या आईला, ‘दूध देतेस म्हणून खात नाही’ हे कोणीतरी प्रेमाने सांगायला हवे. दुकानातली दहा रुपयांची कुरकुरीत पाकिटे बापाच्या हातून घरात येतात, आईच्या नव्हे, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्यामुळे बापाला वगळून दिलेला धडा अर्धाच राहतो.

आता आपल्या कार्यक्रमांविषयी. पोषण अभियान 8 मार्च 2018 रोजी सुरू झाले आणि तेव्हापासून दर सप्टेंबरात पोषण माह होतो. त्यातले कार्यक्रम मी अनेक वर्षे पाहिले, काहींची तयारीही केली. फलक लागतात, रांगोळी निघते, भाज्यांची मांडणी होते, पाककृतींची स्पर्धा होते आणि प्रमुख पाहुणे प्रथिने, जीवनसत्त्वे व खनिजे यांविषयी बोलतात. हे सारे मनापासून होते, म्हणून टीका करताना मला जड जाते. परंतु समोर बसलेल्या बायकांकडे पाहिले की त्यांत महिला मंडळाच्या ज्येष्ठ सदस्या असतात, स्वयंसाहाय्य गटांतल्या बायका असतात, शाळकरी मुलांच्या आया असतात. दहा महिन्यांच्या मुलाची आई क्वचितच असते, कारण ते मूल त्या वेळी झोपलेले असते, किंवा तापलेले असते, किंवा ती कामावर असते. जी येते तिच्या हातात पत्रक पडते. त्यात ‘संतुलित आहार’ असे छापलेले असते, आणि संतुलित म्हणजे किती वाट्या, किती दाट, दिवसातून किती वेळा, हे नसते. स्पर्धेत बक्षीस मिळवणारा पदार्थ सजवलेला असतो आणि एखाद्या मुलाने तो खाल्ला की नाही हे परीक्षक विचारत नाहीत. अंगणवाडीतून घरी दिला जाणारा शिधाही असाच. त्याचे पाकीट हातात ठेवले जाते, पण तो मुलासाठी कसा शिजवायचा हे करून दाखवले नाही तर तो घरातल्या सगळ्यांच्या ताटांत विभागला जातो.

शिकवण्याची रीत बदलली तर फरक पडतो, याला पुरावा आहे. पेरू देशातील त्रुहियो शहराच्या गरीब वस्त्यांत झालेला एक प्रयोग 2005 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिथे अन्न वाटले गेले नाही. आरोग्य केंद्रांतून आयांना केवळ तीन गोष्टी, पण न चुकता आणि प्रात्यक्षिकांसह शिकवल्या गेल्या: मुलाला आधी दाट अन्न द्या; त्यात अंडे, मासे किंवा कोंबडीचे काळीज यांपैकी काही घाला; आणि प्रेमाने, धीराने भरवा. अठरा महिन्यांच्या वयात वाढ खुंटलेल्या मुलांचे प्रमाण तिथे 5 टक्के होते, आणि जिथे हे शिकवले गेले नाही त्या भागात 16 टक्के. शिकवायच्या गोष्टी तीनच होत्या, याकडे मी आपले लक्ष वेधते. आमच्या हाती दिलेल्या चित्रपुस्तिकेत त्या कितीतरी अधिक होत्या.

त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हरियाणाच्या खेड्यांत झालेल्या अशाच एका अभ्यासात, जो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला, मुलांचे खाणे चांगले सुधारले, पण उंचीतला फरक अवघा तीन मिलिमीटरांच्या आसपास निघाला. म्हणजे शिक्षण हा सर्व दुखण्यांवरचा उपाय नाही. जिथे आईच रक्तक्षयी आहे, पाणी दूषित आहे, मूल महिन्यातून दोनदा जुलाबाने आजारी पडते, तिथे नुसता धडा पुरत नाही. लोहाचे औषध, जंताची गोळी, अ जीवनसत्त्वाचा डोस आणि स्वच्छ पाणी हे सगळे बरोबरीने यावे लागते. गोव्याचा मुद्दा मला वेगळा वाटतो तो एवढ्यासाठी की आपल्याकडील पुष्कळ घरांत अन्नही आहे, पाणीही आहे आणि शिकलेली आईही आहे. पेरूतल्या त्या वस्त्यांप्रमाणेच इथे शिकवण्याला फळ येण्याची शक्यता मोठी आहे.

वजनकाट्याविषयी मला एक खंत बोलून दाखवायची आहे. दर महिन्याला मुलाचे वजन आणि उंची मोजली जाते आणि ती मोबाइलमधील पोषण ट्रॅकरवर भरली जाते. माप वर जाते. आईकडे मात्र काही परत येत नाही. पूर्वी कागदी आलेखावर ठिपका मांडताना आई शेजारी उभी असे, रेघ चढते की आडवी जाते हे तिला दिसत असे आणि त्यावर दोन वाक्ये बोलली जात. रेघ आडवी होणे ही पहिली खूण असते. मूल पिवळ्या किंवा तांबड्या पट्ट्यात जाईपर्यंत थांबायचे कारण नाही. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी झाला म्हणजे मूल तीव्र कुपोषित झाले, त्याला त्वरित डॉक्टरांकडे न्यायला हवे. ते मोजणारी पट्टी आईच्या हाती देऊन तिलाच मोजायला शिकवता येते. ते अवघड नाही, मी शिकवले आहे.

मात्र हे सारे करणार कोण? इतर राज्यांत आशा कार्यकर्त्या घरोघरी जातात आणि तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात मुलाला भेटण्याचे काम त्यांच्याकडे आहे. गोव्याने आशांची व्यवस्था उभारलेली नाही. त्यामुळे आपल्या सुमारे साडेबाराशे अंगणवाड्यांच्या सेविका आणि आरोग्य केंद्रांच्या परिचारिका यांच्यावरच हा भार येतो. सेविकेची सकाळ तीन ते सहा वर्षांच्या मुलांत जाते, दुपार नोंदींत जाते, आणि सर्वेक्षण, शिबिर, मेळावा यांसाठी तिला वारंवार बोलावले जाते. दोन वर्षांखालील मूल अंगणवाडीत येतच नाही. त्याच्या घरीच जावे लागते, आणि त्यासाठीच तिच्याकडे वेळ उरत नाही. मेळाव्यांतले निम्मे कमी करा आणि तो वेळ तिला गृहभेटींसाठी द्या, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

वास्को, मडगाव, म्हापसा यांच्या कडेला आणि बांधकामांच्या जागी राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांच्या बायकांचा विचार या आखणीत अगदी शेवटी येतो. त्यांतल्या पुष्कळ जणी कन्नड किंवा हिंदी बोलतात. कोकणी-मराठीतला धडा त्यांच्या कानावरून जातो. त्यांचा स्वयंपाकही वेगळा असतो, तिथे तिजाण नव्हे तर ज्वारीची आंबील चालते. हाताने करून दाखवलेल्या धड्याला भाषेची अडचण पुष्कळच कमी पडते, आणि त्यांच्यातलीच एखादी चांगले मूल वाढवणारी आई पुढे केली तर ती अडचण उरतच नाही.

या आखणीतून मला एक शब्द काढून टाकावासा वाटतो, तो म्हणजे ‘अज्ञान’. मातांच्या अज्ञानामुळे कुपोषण होते, असे मी प्रशिक्षणांत अनेकदा ऐकले. पहाटे पाचला उठून डबे भरून, मुलाला पाजून कामाला जाणाऱ्या बाईला हा शब्द लावू नये. निवळ पाजणारी आजी जे तिला शिकवले गेले तेच करत होती, आणि दाखवल्यावर तिने ते एका दिवसात बदलले. चुकीचे ठरवले गेलेले माणूस शिकत नाही, ते फक्त मान डोलावते.

मुलांच्या तयार अन्नाचा व्यापार करणाऱ्यांना अशा कार्यक्रमांपासून दूर ठेवावे, हेही इथेच सांगते. 1992 चा शिशुदुग्धपर्याय कायदा आणि त्याची 2003 ची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांखालील मुलांच्या डब्यातल्या अन्नाची जाहिरात आणि मोफत नमुने यांना बंदी आहे. भेटवस्तूंच्या किंवा प्रायोजकत्वाच्या रूपानेही ती मागच्या दाराने येऊ नये.

माझी विनंती अशी आहे. दर वाड्यावर सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांची आठ-दहा घरे असतील. त्यांच्यापैकीच एकीच्या स्वयंपाकघरात सलग बारा दिवस, दिवसाला दीड तास, सर्वांनी मिळून मुलांसाठी शिजवावे आणि तिथेच भरवावे. वेळ आयांना विचारून ठरवावी, आणि ज्या घरात आई कामावर असते तिथून आजीला, आजोबांना, जमल्यास बापाला बोलवावे. दरेक घराला 250 मिलिलिटरची एक वाटी आणि एक चमचा द्यावा, म्हणजे आठव्या महिन्यापर्यंत अर्ध्या वाटीपर्यंत पोहोचायचे आणि वर्षानंतर पाऊण ते एक वाटी हे डोळ्यांना कळेल. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा आणि पुढे तीन-चार वेळा, एवढेच पाठ करायला लागेल. पहिल्या दिवशी आणि महिन्यानंतर वजन करावे आणि ते आईला तोंडी सांगावे. ज्या कारखान्यांत पाळणाघर आहे तिथल्या बायांनाही हाच धडा द्यावा. यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. सेविकेला बारा दिवस दुसरे काम सांगू नये एवढेच लागते.

माझ्या वाड्यावर आज या वयाची नऊ मुले आहेत. त्यांच्या घरच्यांशी मी बोलले आहे. माझे स्वयंपाकघर मोठे आहे, चूल आणि गॅस दोन्ही आहेत, आणि काजूचा हंगाम संपला की मेच्या अखेरीस, मासळी बंद होण्याआधी, दुपारी तीन ते साडेचार ही वेळ सर्वांना सोयीची आहे. आपल्यापैकी कोणी अधिकारी त्या बारा दिवसांत कधीही येऊन बसावे. मुलांसोबत जमिनीवर बसावे लागेल.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
सत्तरी, गोवा